आगगाडी, आठवणी आणि उपनगरातील माणूस



मुंबईच्या उपनगरांतील कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला आपल्या आयुष्याची हकिगत सांगण्याची विनंती करावी. तो आपल्या गावापासून आरंभ करील आणि दोन-चार वाक्यांतच आगगाडीत येऊन बसेल. मुंबईत पहिले पाऊल पडले ते दादरच्या फलाटावर. नोकरीच्या पहिल्याच दिवशी गर्दीत चप्पल गेली ती अंधेरीला. लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा पत्रिकेच्या आधी चौकशी झाली ती मुलीची कचेरी पश्चिम रेल्वेवर आहे की मध्य रेल्वेवर याची. मुलगा झाल्याची वार्ता कचेरीत कळली आणि गाडी मुलुंडला पोचेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. वडील गेल्याचा निरोप आला तोही बोरिवलीची गाडी पकडताना. उपनगरातील कुटुंबांच्या कथांतून आगगाडी वजा केली तर त्या कथांना ना काळ उरेल, ना स्थळ.

अशा आठवणी सांगताना माणसाचा चेहरा उजळतो, ऐकणारेही आपापल्या आठवणींची भर घालतात आणि घटका मजेत जाते. यात गैर काहीच नाही. परंतु सामाजिक परिवर्तनाच्या चळवळीत काम करणाऱ्यांनी या आठवणी केवळ रंजन म्हणून ऐकून सोडून देणे योग्य होणार नाही. या आठवणी म्हणजे एक प्रकारची साक्ष आहे. ती साक्ष कशाची आहे, तिच्यात कोणाकोणाच्या जबान्या नोंदल्याच गेल्या नाहीत आणि त्या साक्षीचा उपयोग आजवर कोणी कसा केला, या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

तोफांची सलामी आणि घाटातील मजूर

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने आणि एकवीस तोफांची सलामी, हा तपशील शाळकरी मुलांनाही पाठ असतो. आज जेथे घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही गजबजलेली उपनगरे उभी आहेत तेथील शेते, खाजणे आणि झाडी यांच्यामधून ती गाडी गेली. ती पाहावयास लोकांची झुंबड उडाली होती. निमंत्रितांचे अनुभव वृत्तपत्रांत छापून आले. रुळांच्या कडेला उभ्या राहिलेल्यांनी त्या रात्री घरी जाऊन काय सांगितले, याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही.

मात्र त्यांनी काही तरी सांगितले असलेच पाहिजे. इंजिन भुताच्या बळावर चालते, पुलाचा पाया टिकावा म्हणून त्याखाली माणसे पुरतात, अशा कथा पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात होत्या. सुशिक्षितांनी त्या अडाणीपणाच्या म्हणून हसण्यावारी नेल्या. परंतु या अडाणी समजुतीच्या पोटात सत्याचा अंश होता. ठाण्याच्या पुढे लोहमार्ग बोरघाटात शिरला तेव्हा माणसे खरोखरीच त्याच्या पायाखाली गेली. १८६१च्या सुमारास घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांनी त्यांतील हजारोंचा बळी घेतला. १८५९च्या आरंभी तेथील मजुरांनी थकलेल्या मजुरीसाठी उठाव केला होता. त्याच वर्षी नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल कामावर आल्यानंतर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुरे करून दाखविले. १८६३ साली घाट खुला झाला. अ‍ॅलिस ट्रेडवेलचे नाव इतिहासात राहिले आणि ते राहावयास हवेच होते. चाळीस हजारांपैकी एकाचे तरी नाव कोणास सांगता येईल काय?

या पहिल्या आठवणीतून आणखी एक गोष्ट गळून पडली आहे, ती म्हणजे पैशाची. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्या भागधारकांना १८४९च्या करारान्वये भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिलेली होती. रेल्वेला तेवढे उत्पन्न झाले नाही तर तूट हिंदी महसुलातून भरून द्यावयाची होती. म्हणजे ज्या शेतकऱ्याने गाडी कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती तोही तिचे भाडे भरत होता. दादाभाई नौरोजींपासूनच्या आपल्या अर्थचिंतकांनी या व्यवहारावर नेमके बोट ठेवले. परंतु हमीच्या कलमाची कोणी गोष्ट सांगत नाही, तोफांची सांगतात. जे झगझगीत असते ते स्मरणात राहते आणि जे वहीखात्यात असते ते विसरले जाते. आठवणींचा अभ्यास करणाऱ्याने प्रथम ही खूणगाठ बांधली पाहिजे.

तिकीट आणि जात

असे असले तरी आगगाडीने या समाजाला एक अपूर्व गोष्ट दिली, हे नाकारता येणार नाही. तिकीट विकत घेणाऱ्याला त्याची जात विचारली जात नव्हती. एका बाकावर कोण कोणाच्या शेजारी बसला आहे याचा हिशेब सोवळ्या-ओवळ्यालाही ठेवता येईना. तथापि हा समतेचा प्रदेश डब्याच्या दारापर्यंतच होता. या सीमारेषेची सर्वांत भेदक आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदविली आहे. १९०१ साली, वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी, ते भावंडांसह वडिलांकडे जावयास निघाले. नवे कपडे घालून, आगगाडीच्या प्रवासाच्या आनंदात ही मुले मसूर स्थानकावर उतरली. न्यावयास कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तराने प्रथम आस्थेने चौकशी केली. मुले महार आहेत असे कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो निघून गेला. एकही गाडीवान त्यांना न्यावयास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यावे, बैलगाडी मुलांनी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने बरोबर चालावे, या अटीवर तोड निघाली. इंजिनाने त्या मुलांना इतर उतारूंच्याच वेगाने आणले होते. फलाटावर उतरताच गावाने त्यांना त्यांची जागा दाखविली.

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३च्या संग्रहातील शीर्षककथेचा नायकही रेल्वेच्या नोकरीवर रुजू होण्यास निघालेला तरुण आहे. नोकरी सरकारी, काम आधुनिक यंत्रांचे. पण राहावयास खोली हवी तर जात चोरावी लागते आणि ती उघडी पडली की मार खावा लागतो. म्हणजे मसूरचे फलाट साठ वर्षांनंतरही संपलेले नव्हते.

ज्यांच्यापाशी तिकिटालाही पैसे नव्हते त्यांची आठवण आणखी वेगळी. अण्णाभाऊ साठे लहानपणी आपल्या कुटुंबाबरोबर वाटेगावाहून मुंबईस आले ते पायी. हा लेखक पुढे घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत अनेक वर्षे राहिला आणि ‘फकिरा’ ही त्याची कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. चिरागनगर रेल्वेपासून फार दूर नाही. आगगाडी ज्याला लहानपणी घेऊन आली नाही त्याच्या झोपडीवरून तिचा आवाज आयुष्यभर जात राहिला. आगगाडीच्या आठवणींच्या संग्रहात न मिळालेल्या तिकिटाचीही आठवण असली पाहिजे.

पासावर उभी राहिलेली उपनगरे

१८६७ साली विरारहून बॅकबेपर्यंत एक गाडी धावू लागली. सकाळी एक गाडी जाणार आणि संध्याकाळी परत येणार, एवढीच सोय. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि खऱ्या अर्थाने पश्चिम उपनगरांचा जन्म झाला. १९५० साली महापालिकेची हद्द अंधेरीच्या बाजूस वाढली आणि १९५७ साली ती दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. कायद्याने ही गावे मुंबईत फार उशिरा आली. गाडीने ती कधीच आणून सोडली होती.

येथील माणसाचे कालमापनही गाडीनेच बदलले. कोकणातून किंवा देशावरून आलेला माणूस सूर्य कासराभर वर आला असे म्हणत असे. उपनगरात आल्यावर तो ‘आठ तेराची’ असे म्हणू लागला. आठ तेरा ही त्याच्यासाठी वेळ नव्हती. तो एक मित्रपरिवार होता, ठरलेला डबा होता, खांद्यावर पडणारा ठरलेला हात होता. मॉरिस हाल्ब्वाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली असे प्रतिपादन केले की माणूस एकटा आठवत नाही. तो ज्या समूहात वावरतो त्या समूहाच्या चौकटीतच त्याला आठवते. उपनगरी गाडीचा डबा हे या सिद्धान्ताचे चालते-बोलते उदाहरण मानावे लागेल.

याचा उलट पुरावाही येथेच सापडतो. १९२८ ते १९३४ या काळात अंधेरीहून कुर्ल्याच्या बाजूने तुर्भ्यापर्यंत जाणारा एक लोहमार्ग साष्टीत अस्तित्वात होता. तो बंद पडला, उखडला गेला आणि लोकांच्या स्मृतीतूनही जवळजवळ पुसला गेला. कारण उघड आहे. त्या मार्गावर पिढ्या वाढल्या नाहीत, पास काढले गेले नाहीत, डब्यातले परिवार जमले नाहीत. पूर्व आणि पश्चिम उपनगरांना जोडणारा हा दुवा तुटला तो ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू होईपर्यंत. मधली ८० वर्षे घाटकोपरच्या माणसाला अंधेरीस आगगाडीने जावयाचे तर दादरला वळसा घालावा लागत असे, नाही तर बसमध्ये तिष्ठावे लागत असे. त्या वळशात किती तास गेले याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात नाही.

तासांचा विषय निघाला आहे तर एक साधे गणित करून पाहावे. बोरिवलीचा एखादा कारकून घरापासून कचेरीपर्यंत आणि परत असे रोज तीन तास प्रवास करतो असे धरू. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ९०० तास होतात आणि ३५ वर्षांच्या नोकरीत ३१,५०० तास. दिवसरात्र मोजले तर ही तीन वर्षे सात महिने होतात. आयुष्यातील हा काळ मालकाने विकत घेतलेला नाही आणि कामगाराला तो स्वतःचा म्हणून वापरताही आलेला नाही. मासिक पास स्वस्त आहे, त्यावर रेल्वेला तोटा होतो, असे वारंवार ऐकविले जाते. परंतु स्वस्त पासामुळे कामगार दूर राहू शकतो आणि त्याला कामाच्या ठिकाणाजवळ घर परवडेल इतके वेतन देण्याची जबाबदारी मालकावर येत नाही. स्थानक झाले की भोवतालच्या जमिनीचे भाव चढतात आणि तो नफा जमीनमालकाच्या व बांधकाम व्यावसायिकाच्या पदरात पडतो. पासावरील सवलतीचा मोठा वाटा अशा रीतीने प्रवाशाच्या हातून भलतीकडेच जातो. प्रवाशाकडे उरतात त्या आठवणी.

चौथी सीट

या आठवणींत सर्वांत जास्त कशाविषयी सांगितले जाते? बहुधा चौथ्या सीटविषयी. बाक तिघांसाठी केलेला आहे. चौथा येतो, काही न बोलता हाताने किंचित खूण करतो आणि तिघे सरकतात. चौथ्याला अर्धीच जागा मिळते, त्याचा एक पाय वाटेत राहतो, तरी तो बसलेला असतो. हा नियम कोणत्याही फलकावर लिहिलेला नाही आणि तो मोडला म्हणून दंड होत नाही. तरीही तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. टंचाईच्या समाजात वाटून घेण्याची रीत लोक स्वतः कशी निर्माण करतात, याचे इतके निर्मळ उदाहरण क्वचितच आढळेल.

याच डब्यांतून झांजा वाजवीत भजने झाली, दसऱ्याच्या सुमारास डबे झेंडूच्या माळांनी सजले, मालडब्यातून डबेवाल्यांच्या पाट्या गेल्या. स्त्रियांच्या डब्यात तर एक निराळाच संसार चालतो. भाजी निवडणे, विणकाम, हळदीकुंकू, मुलांच्या परीक्षा, सासरच्या कागाळ्या आणि कचेरीतील वरिष्ठांचा जाच या सर्वांना तेथे जागा असते. घरी स्वयंपाकघर आणि कामाच्या ठिकाणी टेबल, या दोहोंच्या मधल्या एका तासात स्त्रीला कोणाची सून किंवा कोणाची हाताखालची नोकर न होता बसावयास मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट–बोरिवली मार्गावर संपूर्ण गाडी स्त्रियांसाठी सुरू झाली. कष्ट करावयास बाहेर पडलेल्या स्त्रियांच्या संख्येपुढे आणि गर्दीत सोसाव्या लागणाऱ्या अपमानापुढे व्यवस्थेला दिलेली ती कबुलीच होती.

परंतु डब्याचे गोडवे गाताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रोजच्या गटांनी जागा अडवून ठेवणे, नवख्याला दमदाटी करणे, विरारच्या गाडीत बोरिवलीचा उतारू चढला म्हणून त्याला उतरू न देणे, हेही याच डब्यात घडते. चौथ्या सीटचा उदारपणा ओळखीच्या माणसापुरता आटला की त्याची जहागीर होते. बाक अपुरे पडले की लोक एकमेकांना सांभाळून घेतात. फारच अपुरे पडले की एकमेकांवर उठतात. रेल्वेच्या परिभाषेत मुंबईच्या गर्दीसाठी ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्दप्रयोग आहे. दर चौरस मीटरला १४ ते १६ उभे प्रवासी, असा त्याचा अर्थ. चौरस मीटरभर फरशीवर खडूने चौकोन आखून त्यात सोळा माणसे उभी करून पाहावीत, म्हणजे या शब्दाचा अर्थ समजेल. अशा जागेत माणुसकी टिकते याचे कौतुक करावे, पण तिची अशी परीक्षा कोण घेतो, हेही विचारावे.

गाडी चालविणाऱ्यांच्या आठवणी

आणखी एका वर्गाच्या आठवणी या संग्रहात अभावानेच आढळतात. तो वर्ग गाडीत बसणाऱ्यांचा नव्हे, गाडी चालविणाऱ्यांचा. पावसाळी रात्री रूळ तपासत चालणारा गँगमन, केबिनमधील सांधेवाला, डोळ्यांसमोर माणूस रुळावर आला तरी गाडी जागीच थांबविता येत नाही हे जाणणारा मोटरमन, यांच्या कथा त्यांच्या वसाहतींबाहेर पोचत नाहीत. १८९९ साली जी.आय.पी. रेल्वेच्या सिग्नलर्सनी संप केला तेव्हा लोकमान्य टिळकांच्या वृत्तपत्रांनी त्यांची बाजू घेतली होती. ८ मे १९७४ रोजी देशभरातील रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला तो २० दिवस चालला. सुमारे १७ लाख कामगार त्यात उतरले. रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस यांना संपापूर्वीच अटक झाली होती. हजारो तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि अनेक कुटुंबांना रेल्वेच्या खोल्या सोडण्याची धमकी सोसावी लागली. उपनगरातील सामान्य प्रवाशाला त्या दिवसांविषयी विचारले तर ‘गाड्यांचे फार हाल झाले’ एवढेच उत्तर मिळते. त्याच गाड्यांवर आठ तासांच्या कामाची आणि बोनसची मागणी करणाऱ्यांच्या घरी त्या वीस दिवसांत काय शिजत होते, ही आठवण प्रवाशाच्या आठवणीशी कधी जोडलीच गेली नाही. एकाच गाडीतील दोन श्रमिक एकमेकांना अनोळखी राहिले, याची खंत चळवळीने बाळगली पाहिजे.

त्याच १९७४ साली रेल्वेचा तिसरा वर्ग कागदावरून नाहीसा झाला. त्याला दुसरा वर्ग म्हणू लागले. नाव बदलले तरी लाकडी फळ्या तशाच होत्या. प्रा. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाल्यावर संपात बडतर्फ झालेले कामगार परत घेतले गेले आणि लांबच्या प्रवासाच्या दुसऱ्या वर्गातील फळ्यांवर मऊ गाद्या आल्या. गादीची जाडी दोनच इंच असेल. पण रात्रभर फळीवर अंग घासत गेलेल्या लक्षावधी उतारूंची आठवण प्रथमच कोणी धोरणात मांडली.

कोकण रेल्वेची हकिगत याहून बोलकी आहे. उपनगरांत राहणाऱ्या कोकणी माणसाला कचेरीस जावयास दर काही मिनिटांनी गाडी होती. गणपतीला घरी जावयास एकही नव्हती. त्याच्या प्रवासाच्या आठवणी बोटीच्या आणि घाटातील एस.टी.च्या. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ती आठवण किनाऱ्यावरील कितीतरी घरांत आजही सांगितली जाते. बॅ. नाथ पै यांनी संसदेत कोकणच्या रेल्वेचा आग्रह धरला, दंडवत्यांनी तो पुढे चालविला, फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली कोकण रेल्वेच्या महामंडळाची स्थापना झाली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग पूर्ण खुला झाला. घराघरांतील खाजगी आठवणीचे सार्वजनिक मागणीत रूपांतर झाले तर काय घडू शकते, याचे हे उदाहरण आहे. त्याला दशके लागली, हाही त्यातील धडा आहे.

‘स्पिरिट’ नावाचा शब्द

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. या आठवणींचा उपयोग कोणी कसा केला? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोक रुळांवरून चालत घरी गेले. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अवघ्या ११ मिनिटांत सात स्फोट झाले, जोगेश्वरीपासून बोरिवलीपर्यंतची उपनगरे रक्ताने माखली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोक पुन्हा त्याच गाड्यांत चढले. प्रत्येक वेळी मुंबईच्या ‘स्पिरिट’चा जयजयकार झाला. वस्तुतः दुसऱ्या दिवशी कामावर न गेल्यास पगार कापला जातो, रोजंदारी बुडते आणि घरी चूल पेटत नाही, हे त्या धैर्यामागील कारण कोणी विचारलेच नाही. नाइलाजाला शौर्य म्हटले की नाइलाज दूर करण्याची जबाबदारी संपते. सोसण्याच्या आठवणींचे असे अलंकार घडविण्यात आले आणि ते सोसणाऱ्यांच्याच गळ्यात घालण्यात आले.

एरवीच्या दिवसांचे काय? उपनगरी रेल्वेवर आजही वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातून पडून. एकाच दिवशी इतकी माणसे गेली असती तर देश हादरला असता. रोज पाच-सात जातात म्हणून ‘गाडी थोडी उशिरा आहे’ एवढीच वार्ता होते. त्या घरांतील आगगाडीची आठवण कोणी विचारावयास जात नाही.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे गाड्या बंद झाल्या तेव्हा उपनगरांना प्रथमच आगगाडीविना जगणे म्हणजे काय ते कळले. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी गाडी सुरू झाली. सर्वसामान्यांना ठराविक वेळांत प्रवेश मिळाला तो १ फेब्रुवारी २०२१ रोजी. महासाथीपूर्वी रोज सुमारे ७५ लाख लोक ज्या गाडीने जात होते ती या काळात समोरून रिकामी धावताना दिसत होती आणि घरकाम करणाऱ्या बाया, दुकानांतील नोकर, सुतार, गवंडी रस्त्याने धक्के खात कामाचा शोध घेत होते. कोण अत्यावश्यक आणि कोण नाही, याची यादी सरकारने केली. घाटकोपरच्या टेकडीवरील मोलकरणीला तेव्हा आपले स्थान समजले.

२५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून पहिली वातानुकूलित लोकल निघाली. प्रगतीला विरोध करण्याचे कारण नाही. घामाने भिजलेल्या माणसाला गारवा मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु साध्या गाडीच्या जागी वातानुकूलित गाडी आली की साध्या पासाच्या माणसाची गाडी जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथील प्रवासी याच कारणासाठी निषेधास उतरले आणि मध्य रेल्वेला नव्या वातानुकूलित फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. यात एक मूलभूत प्रश्न आहे. ज्या गाडीची दारे मिटतात तिच्यातून माणूस पडत नाही. मग मिटणारे दार ही चैन आहे की सुरक्षितता? ते अधिक भाडे देणाऱ्याला मिळावे आणि इतरांनी दांड्याला लोंबकळावे, हे कोणत्या न्यायात बसते? ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारांशी लोंबकळणारे प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, त्यानंतर साध्या गाड्यांनाही आपोआप मिटणारी दारे बसविण्याचे रेल्वेने जाहीर केले. माणसे दशकानुदशके पडत होती. विचार आता झाला. या घोषणेचा पाठपुरावा करणे हे उपनगरांतील प्रत्येक कार्यकर्त्याचे काम आहे.

तेव्हा करावयाचे काय? काम फार खर्चाचे नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील कार्यकर्त्यांनी वही घेऊन वडीलधाऱ्यांकडे बसावे. रेल्वे वसाहतीतील निवृत्त गँगमनकडे, पस्तीस वर्षे स्त्रियांच्या डब्यातून गेलेल्या परिचारिकेकडे, फलाटावर उभे राहून फुले विकणाऱ्या बाईकडे, रुळावर मुलगा गमावलेल्या घरी जावे. गोड आठवण सांगितली तर ती लिहावी. तिच्या मागोमाग विचारावे की किती वेळ उभे राहिलात, पासाला किती पैसे पडत, गाडी कोणामुळे चुकली, तक्रार केली तेव्हा काय उत्तर मिळाले. अशा शंभर वह्या झाल्या की त्यांतून उपनगरांचा खरा इतिहास उभा राहील आणि त्याच्या अखेरीस मागण्यांची यादी आपोआप तयार होईल: अधिक साध्या गाड्या, मिटणारी दारे, रुंद पूल, फलाटावर तातडीची वैद्यकीय मदत, आणि कामाच्या ठिकाणाजवळ परवडणारे घर.

चौथ्या सीटवर बसणाऱ्याला तिघांनी सरकून जागा दिली, ही आठवण मुंबईकर अभिमानाने सांगतो आणि त्याने ती सांगत राहावी. फक्त ती सांगून झाल्यावर एवढेच विचारावे की सत्तर वर्षांत बाक चौघांचा का झाला नाही. सरकून घेण्याचे काम लोकांनी केले आहे. बाक लांब करण्याचे काम ज्यांचे होते त्यांना त्याची आठवण करून देणे, हे आपले काम आहे.